हळकुंडाचा पहारा

मासा करंगळीच्या दीड पेराएवढा. रंग ओल्या हळदीचा, नुकती सोलून मधोमध कापावी तसा. अंगावर एक खवला नाही. श्रुतिकाने पिशवी खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा मी आधी पाणीच बघत राहिले, मग त्यात काहीतरी पिवळं हललं.

"हे पिल्लू आहे का गं?" मी विचारलं.

"नाही आजी. पूर्ण वाढलेला आहे. गोबी म्हणतात याला. दोन आहेत, नीट बघ, नवरा-बायको."

शेजारची सोनूबाई दारातच उभी होती. "गोबी? मग मी बटाटे सोलायला घेते," ती म्हणाली.

माझी ही नात समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करते. गोरेगावच्या त्यांच्या घरात सुबोधने, म्हणजे माझ्या मुलाने, टाकी ठेवायला नाही म्हटलं, म्हणून ती विक्रोळीला माझ्याकडे आली. मी एकटी राहते, खोलीत जागा आहे आणि खिडकीतून खाडीकडची तिवरं दिसतात. माशांना तेवढाच शेजार, असं मी म्हटलं तर श्रुतिका हसली. म्हणाली, त्या चिखलात उड्या मारणारे निवटे याचेच भाऊबंद आहेत. निवट्यांचा रस्सा मी आयुष्यात किती वेळा केला असेल ते मी तिला सांगितलं नाही.

शहात्तर वर्षांत मी मासा नेहमी कल्ले उघडून पाहिला. लाल आहेत का, डोळा ताठ आहे का, बोट दाबलं तर खड्डा राहतो का. जिवंत मासा बसून बघायची वेळ या वयात आली. नराचं नाव मी हळकुंड ठेवलं. श्रुतिका म्हणायची, आजी, प्रयोगातल्या प्राण्यांना नावं देत नाहीत. मी म्हटलं, प्रयोग तुझा, घर माझं.

त्याचं कौतुक किती सांगू. तो फारसा पोहतच नाही, बसतो. पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची इवलीशी वाटी झालेली असते, ती फांदीला चिकटवून तो उभ्या फांदीवरही खुशाल टेकतो. समुद्रात हा मासा पोवळ्याच्या फांद्यांत राहतो, पण जिवंत पोवळं घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे, म्हणून श्रुतिकाने भाजलेल्या मातीच्या फांद्या करून घेतल्या होत्या. त्यातली मधली फांदी हळकुंडाने पहिल्याच दिवशी आपली ठरवली. एवढासा जीव मोठ्या माशांच्या समुद्रात टिकतो कसा, असं मी विचारलं तर श्रुतिका म्हणाली, त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा कडूजहर असतो. कुणी तोंडात घेतलाच तर थुंकून टाकतो. मला ते फार आवडलं. दात नाहीत, काटा नाही, पळायचा वेगही नाही, आणि तरी कुणाची टाप नाही.

अंडी मात्र त्याची दोनदा गेली होती. दोन्ही वेळा मादीने फांदीभोवती बांगडीसारखी अंडी घातली, हळकुंडाने दोन-तीन दिवस पहारा केला आणि मग एका दुपारी फांदी सोडून तो कोपऱ्यात जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत अंडी त्यानेच खाऊन टाकली. श्रुतिका म्हणाली, पाण्यात काही बिघडलं की ते असंच करतात. ती नोकरीला लागायची होती, आणि सुबोधचं म्हणणं पडलं की म्हाताऱ्या आईच्या डोक्यावर हा पसारा किती दिवस ठेवायचा. शेवटी बापलेकीत ठरलं, तिसऱ्या वेळी पिल्लं निघाली तर टाकी राहील. नाही निघाली तर उचलायची.

तिसऱ्या वेळची अंडी मे महिन्यातल्या एका रविवारी पडली. आणि सोमवारी श्रुतिकाला मालवणला जायचं होतं, बोटीवरून समुद्राखालच्या पाहणीला. तिकीट आधीच काढलेलं होतं.

"शनिवारी दुपारी मी परत येते," ती म्हणाली. "शनिवारी संध्याकाळीच पिल्लं बाहेर पडतील असा अंदाज आहे. तोवर फक्त तू आणि हळकुंड."

तिने नावाने म्हटलं, ते माझ्या लक्षात आलं.

मग तिने मला सगळं दाखवलं आणि कागदावर लिहून कागद कपाटाला चिकटवला. फ्रीजमधलं खाणं चिमूटभर, दिवसातून दोनदा. हात साबणाचे नकोत. पाण्यात कुठलाही धातू बुडवायचा नाही. काचेवर मार्करची रेघ होती. पाणी रेघेच्या खाली गेलं तर निळ्या कॅनमधलं गोडं पाणी घालायचं. नळाचं चालणार नाही, त्यात औषध असतं. दुसरा पांढरा कॅन समुद्राच्या मिठाचं पाणी कालवून ठेवलेला, तो तिच्या दर रविवारच्या पाणी बदलण्यासाठी. खारटपणा मोजायचं दुर्बिणीसारखं एक छोटं यंत्रही होतं, पण त्यातल्या रेघा माझ्या डोळ्यांना दिसेनात, म्हणून ते तिने पेटीत ठेवून दिलं.

"एवढं जमेल ना नलू?" सोनूबाईने विचारलं. "परवा तू कुकरची शिट्टी माझ्याकडे विसरून गेलीस."

"शिट्टी माझी, विसरणारी मी. तुला काय?"

सोनूबाई आणि मी एका मजल्यावर पन्नास वर्षं काढली. दोघींचे नवरे एकाच कारखान्यात होते. तिचं माहेर जालन्याकडचं, माझं शिरोड्याचं. ती बोलते फटकळ, पण वेळेला आधी तीच उभी राहते. तरीही त्या दिवशी ते वाक्य मला लागलं, आणि पुढचं बरंचसं त्यामुळे झालं.

सोमवारी उकाडा विचारू नका असा होता. माझाच जीव कासावीस, तर काचेत कोंडलेल्या त्या अंड्यांचं काय होत असेल, असं वाटून मी टेबलफॅन आणून स्टुलावर ठेवला आणि त्याचं तोंड टाकीच्या पाण्याकडे केलं. पाण्यावर बारीक लाटा उठल्या. हळकुंडाला बरं वाटलं असावं. तो बांगडीवर आडवा होऊन दोन्ही बाजूंचे पर सतत हलवत होता, अंड्यांना वारा घालत होता. मी त्याला वारा घालत होते आणि तो त्यांना. मी खुर्ची ओढून घेतली. सकाळी नऊला बसले ती जेवायलाच उठले. तेवढ्या वेळात त्याने एकदाही दम खाल्ला नाही. मादी जवळ आली की तिला अंगाने ढकलून बाजूला करायचा. मग एकेक अंडं तोंडाने चाचपत फांदीभोवती पूर्ण फेरा मारायचा आणि पुन्हा वारा घालायला लागायचा. माझ्या तीन बाळंतपणांत घरातल्या पुरुषांनी काय केलं ते मी आठवत बसले.

फॅनमुळे पाणी मात्र भराभर उतरू लागलं. निळा कॅन आठवड्यासाठी होता, तो बुधवारी सकाळी संपला. दुपारी बघते तर पाणी पुन्हा रेघेखाली.

सोनूबाईच्या स्वयंपाकघरात तिच्या मुलाने, प्रबुद्धने, पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलंय. तेच पाणी चालतं, निळा कॅनही श्रुतिका तिथूनच भरायची. पाच पावलांवर होतं ते. पण गेले तर सोनूबाई म्हणणार, आठवड्याचं पाणी तीन दिवसांत संपवलंस? मी गेले नाही. पांढऱ्या कॅनकडे बघितलं. म्हटलं, हेही समुद्राचंच पाणी, यातच तर ते राहतात. समुद्रात समुद्र ओतला तर काय बिघडणार? आणि रेघेपर्यंत ओतलं. बुधवारी दोनदा, गुरुवारी दोनदा.

गुरुवारी संध्याकाळी श्रुतिकाचा फोन आला. दिवसभर बोटीवर तिला रेंज नसायची.

"पाणी रेघेवर आहे ना?"

"आहे."

"आणि तो?"

"पहाऱ्यावर."

दोन्ही खरं होतं.

शुक्रवारी सकाळी हळकुंड फांदीवर नव्हता. कोपऱ्यात, तळाशी बसला होता. हळदीचा रंग उतरून डाळीच्या पिठासारखा झालेला, आणि कल्ले भराभर हलत होते. बांगडी एकटीच होती. मी खाणं टाकलं, त्याने बघितलंही नाही. दोनदा जे झालं होतं त्याची सुरुवात मी पाहिलेली होती, आणि ती अशीच होती.

काय करावं ते सुचेना, म्हणून मी घरातल्या बायका करतात तेच केलं. फडकं घेऊन पुसायला लागले. टाकीच्या काठावर चारही बाजूंनी पांढरी कड जमली होती. बोटाने खरवडली आणि जुन्या सवयीने बोट जिभेला लावलं.

मीठ. कडक, नवं मीठ.

मी फडकं धरून तशीच उभी राहिले. आमचे बाबा शिरोड्याच्या मिठागरात वाढले आणि पुढे भांडुपच्या मिठागरात कामाला आले. माझं लहानपण त्या बांधांवर गेलं. आता हायवेवरून जाताना तिथे पत्र्याचं कुंपण दिसतं, पण मला अजून कुठला वाफा कुठे होता ते सांगता येईल. भरतीचं पाणी पहिल्या मोठ्या तळ्यात घ्यायचं, तिथून बांधातल्या उघाडीची फळी बोटभर वर करून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. दर तळ्यात पाणी कमी आणि खारटपणा जास्त. शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचं. साहेब खारटपणा मोजायला काचेची नळी बुडवून बघायचा. बाबा दोन बोटं बुडवून जिभेला लावायचे, थुंकायचे आणि नळीच्या आधी सांगायचे. मी सात वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, रोज नवं पाणी सोडता, मग जुनं जातं कुठे? ते हसून म्हणाले होते, "पाणी जाता गो, मीठ खंय जाता? मीठ हंयच ऱ्हवता." आणि उन्हाकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "उन्नापेक्षा वारो कामाचो."

टेबलफॅन माझ्या कानाशी फिरत होता. पाणी उडत होतं, मीठ मागे राहत होतं, आणि मी वर आणखी मिठाचं पाणी ओतत होते. मिठागरवाल्याच्या मुलीने घरात मिठागर लावलं होतं, आणि शेवटच्या वाफ्यात हळकुंडाला बसवलं होतं.

मी पांढऱ्या कॅनमधलं पाणी प्लास्टिकच्या वाटीत काढून जिभेवर धरलं. चूळ भरली. मग टाकीतलं. शंकाच नव्हती. टाकीतलं पाणी जिभेच्या कडेला चावत होतं आणि दोन बोटांत चोळलं तर किंचित तेलकट लागत होतं.

रिकामा निळा कॅन घेऊन मी सोनूबाईच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं. कुकरच्या शिट्टीपासून.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी टोचून बोलले म्हणून तू दोन दिवस माझ्याकडे पाणी मागितलं नाहीस."

"हो."

"मासा मेला तर माझ्या नावावर टाकशील. आण इकडे तो कॅन."

पाणी भरून आणलं तशी ती कॅन उचलून ओतायलाच निघाली. मी हात धरला. "एकदम नको. एवढ्याशा जिवाला धक्का बसेल. बाबा उघाडी बोटभरच उचलायचे. थेंब थेंब गेलं पाहिजे, दिवसभर."

थेंब थेंब म्हटल्यावर मला एकच वस्तू आठवली. देवघरातून मी महादेवाचं अभिषेकपात्र काढून आणलं. सासूबाईंचं, तांब्याचं, खालच्या भोकातून अशी संथ धार पडते की मोजून घ्यावी. टाकीवर टांगायला सुतळीही घेतली. सोनूबाई कपाटावरचा कागद वाचत उभी होती.

"नलू, हे कशाचं आहे?"

"तांब्याचं."

"इथे लिहिलंय, पाण्यात धातू नको. खाली दोन रेघाही मारल्यात." तिने पात्र माझ्या हातातून घेतलं. "तुझा महादेव सोसतो म्हणून मासा सोसेल असं नाही."

नंतर श्रुतिकाने सांगितलं, समुद्रातल्या पुष्कळ जिवांना तांबं विषासारखं असतं. त्या वेळी आम्हाला ते ठाऊक नव्हतं. कागद ठाऊक होता, आणि तो वाचायचं सोनूबाईला सुचलं.

मग तिने पाण्याची प्लास्टिकची बाटली आणली, बुडाला गरम सुईने भोक पाडलं आणि आम्ही ती टाकीवर उलटी टांगली. झाकण जरा सैल केलं की थेंब भरभर, आवळलं की सावकाश. मी एका बाजूने वाटी वाटी खारट पाणी काढत होते, दुसऱ्या बाजूने गोडं थेंबत होतं, आणि रेघ जिथल्या तिथे ठेवायची होती. पंखा मी मंद केला. अकरा वाजले, बारा वाजले. सोनूबाईने तिच्याकडून भाकरी आणि ठेचा आणला, तो आम्ही टाकीसमोरच खाल्ला. दर तासाला मी बोट बुडवून चाखत होते.

"तुझी जीभ झिजेल," सोनूबाई म्हणाली.

"तुझी झिजली नाही ती?"

दोनच्या सुमाराला हळकुंड हलला. आधी कोपऱ्यातून तळाच्या मध्यावर आला. मग फांदीच्या बुडाशी टेकला. रंग अजून फिकाच होता. तिथे बराच वेळ बसून, सरकत सरकत, दर दोन बोटांवर पोटाची वाटी टेकत तो वर चढला. बांगडीजवळ पोचला, तोंड पुढे केलं आणि एक अंडं उचकटून गिळलं.

सोनूबाईने माझं मनगट धरलं. "खातोय गं."

दुसरं अंडं गेलं. मग तिसरं. माझ्याने बघवेना, आणि नजरही हटेना. चष्मा काढून भिंग लावलं तेव्हा दिसलं. तो सरसकट खात नव्हता. पांढरी पडलेली, बिघडलेली अंडी तेवढी वेचत होता, आमच्याकडे तांदूळ निवडतात तशी. चांगल्या अंड्यापाशी आला की नुसतं तोंड लावून पुढे जात होता. पूर्ण फेरा मारून झाला, आणि मग तो आडवा झाला आणि पर हलवायला लागला.

सोनूबाईने माझं मनगट सोडलं.

"पाच दिवस पहारा," ती म्हणाली, "आणि अर्धमेला झाला तरी परत कामावर. आमच्या वेळच्या कामगारांसारखा आहे बघ."

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी श्रुतिकाला काही न लपवता सांगितलं. फॅन, पांढरा कॅन, कालचं माझं 'आहे'. पलीकडे समुद्राचा आवाज येत होता.

"यंत्रात किती दिसतंय?"

"मला रेघा दिसत नाहीत. जिभेने बघितलं."

"जिभेने?"

"पणजोबांसारखं. आता पांढऱ्या कॅनपेक्षा एखादा कण जास्त आहे. थेंब चालू ठेवलाय."

"आजी, तू काल सांगितलं असतंस तर."

"हो," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी ती आली ती पाठीवरची बॅगही न उतरवता टाकीपाशी गेली. पेटीतून यंत्र काढलं, थेंब घातला, खिडकीकडे तोंड करून डोळ्याला लावलं.

"छत्तीस," ती म्हणाली. "पस्तीस हवं. छत्तीस उत्तम आहे." यंत्र खाली ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि फॅन बरोबर होता आजी. या उकाड्यात फॅन नसता तर पाणी तापून आधीच गेली असती. चुकलं ते फक्त पाणी."

मग तिने मला भिंगातून दाखवलं. बांगडी आता विरळ झाली होती, निम्मी राहिली असेल. पण उरलेल्या प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी ठिपके होते. डोळे. एवढ्या लहान अंड्यात सगळ्यात आधी डोळे होऊन बसलेले, आणि ते आमच्याकडे बघत होते.

दिवेलागणीला तिने टाकीचा दिवा बंद केला आणि खोलीतलाही. सोनूबाई आणि मी दोन खुर्च्यांवर. एका कोपऱ्यात बारीक टॉर्च लावलेला, पिल्लं उजेडाकडे येतात म्हणून. हळकुंड नुसती सावली होऊन फांदीवर होता, आणि आज त्याचे पर नेहमीपेक्षा जोरात चालले होते. अंड्यांना धक्के देत असावा तसे. थोड्या वेळाने टॉर्चच्या उजेडात काहीतरी आलं. पापणीच्या केसाचा तुकडा असावा एवढंच, काचेसारखं आरपार. मग दुसरं. मग किती तरी. श्रुतिका तोंडावर हात धरून बसली होती. तिने फोन उचलून गोरेगावला लावला आणि म्हणाली, "बाबा, टाकी राहतेय." एवढंच बोलून ठेवला.

पुढे त्यातली बरीचशी गेली. एवढ्या जिवाला भरवायचं म्हणजे सोपं नाही, असं ती म्हणते. पण सात आज दुसऱ्या टाकीत आहेत, आणि त्यातल्या पाचांना हळद चढायला लागली आहे. रविवारी पाणी बदलताना श्रुतिका आधी मला विचारते, "आजी, किती?" मी चाखून सांगते, मग ती यंत्र लावते. एका आकड्याहून जास्त फरक अजून पडलेला नाही.

त्या संध्याकाळचं मात्र सांगायचं राहिलं. पिल्लं सगळी वेगळ्या टाकीत काढून झाल्यावर दिवा लावला, तेव्हा फांदीवर एकही अंडं उरलं नव्हतं. हळकुंड तिच्यावर टेकला होता, अंगाने निम्मा झालेला.

"आता जरा पड म्हणावं बाबा," सोनूबाई म्हणाली. "झालं तुझं बाळंतपण."

तो थोडा वेळ तसाच बसला. मग वळला, आणि जिथे अंडी होती तिथली फांदी तोंडाने घासायला लागला. अंड्यांच्या टरफलांची चिकट किनार त्याने एका कडेपासून सोडवायला घेतली होती. मादी वरून बघत होती, तिचं पोट अजून सपाटच होतं. त्याला त्याची फिकीर दिसली नाही. जागा तयार ठेवायची, एवढंच त्याला कळत होतं.

टाकीतलं पाणी रेघेच्या किंचित खाली आलं होतं. मी रिकामा निळा कॅन उचलला आणि सोनूबाईला म्हटलं, "ऊठ, तुझं दार उघड."